हात बाल्कनीकडे जातो

"फ्युएल सिलेक्टर?" आईने विचारलं.

"बोथ," मी म्हटलं.

आईने मटारची शेंग अंगठ्याने उघडली, दाणे पातेल्यात टाकले आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "तोंडाने बोथ म्हणतेस, आणि हात बाल्कनीकडे का जातोय गं?"

मी खाली बघितलं. खरंच जात होता. डावा हात डाव्या गुडघ्याच्या पुढे गेला होता आणि बोटं काहीतरी फिरवायला निघाली होती. आमच्या पाचपाखाडीच्या घरात त्या जागी बाल्कनीच्या सरकत्या दाराची चौकट आहे. पायपर वॉरियर या विमानात त्या जागी इंधनाची टाकी निवडायचा खटका असतो. सेस्ना 172 मध्ये तोच खटका दोन सीटांच्या मधे, खाली पायांशी असतो. आणि त्या संध्याकाळी मी सेस्नात बसले होते. म्हणजे हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत.

ही गेल्या डिसेंबरातली गोष्ट. फ्लोरिडातून लायसन्स घेऊन परत आले त्याला दीड महिना झाला होता. दोनशेच्या वर तास झाले होते आणि त्यातले बहुतेक सगळे वॉरियरवर. त्या तासांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते आणि घराची कागदपत्रं बँकेच्या कपाटात होती, तो विषय आमच्याकडे जेवताना निघत नाही. परदेशी लायसन्सवर इथे लगेच नोकरी लागत नाही. आधी ते भारतीय करून घ्यावं लागतं. पेपर, मेडिकल, मग इथे नोंदलेल्या विमानात परीक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवायचं. मी जिथे नाव नोंदवलं त्या फ्लाइंग स्कूलकडे पायपर नव्हतं. सेस्ना होतं.

"पायलट आहेस ना? मग हे काय नि ते काय!" नेरूळचा मामा म्हणाला. 25 डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं सुटायला लागली होती, त्यामुळे मामाच्या लेखी माझी नोकरी तिथेच पक्की होती, आणि उशीर होत होता तो केवळ माझ्या आळसामुळे.

खरं सांगायचं तर मामाचा प्रश्न मलाही तितका वेडगळ वाटला नव्हता. दोन्ही विमानं लहान, दोन्हींना एक इंजिन, चार सीट, पुढे एक चाक, मागे दोन. सेस्ना 172 पहिल्यांदा उडालं 1955 साली, पायपरचं हे घराणं 1960 साली. दोन्ही अमेरिकन, दोन्ही जगभर शिकणाऱ्यांच्या हातची. एकाचे पंख डोक्यावर, दुसऱ्याचे बुडाखाली, एवढाच काय तो फरक. असं मला तेव्हा वाटत होतं.

पण त्या एवढ्याशा फरकातून पुढची सगळी भानगड सुरू होते. ती मला नीट कळली आमच्या सोसायटीच्या पाण्यावरून. आमच्या बिल्डिंगला गच्चीवर एक टाकी आहे आणि जमिनीखाली एक. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपल्या वजनानेच घरोघरी उतरतं, त्याला कोणाची मदत लागत नाही. तळटाकीतलं पाणी मात्र पंपाने वर ओढावं लागतं, आणि तळटाकी रिकामी असताना वॉचमनने पंप सुरू ठेवला की पंप एअर धरतो आणि मग सकाळी सात वाजता अख्ख्या बिल्डिंगच्या तोंडाला साबण असतो. सेस्नाच्या टाक्या डोक्यावरच्या पंखांत असतात, म्हणजे गच्चीवर. दोन्हींतून एकदम इंधन उतरू दिलं तरी चालतं, म्हणून खटक्याला डावी, उजवी आणि 'बोथ' अशा जागा आहेत आणि उडताना तो बोथवरच असतो. पायपरच्या टाक्या खालच्या पंखांत. तिथे दोन्ही एकदम जोडल्या आणि एक आधी संपली तर पंप त्या रिकाम्या टाकीतून हवाच ओढत बसेल. म्हणून पायपरमध्ये बोथ ही जागाच नाही. एक तर डावी, नाही तर उजवी. आम्ही दर अर्ध्या तासाने टाकी बदलायचो, घड्याळ बघून. इंजिन थोडं खोकलं तरी पहिली शंका टाकीची आणि हात थेट डाव्या गुडघ्याशी.

दोनशे तासांत हा हात किती वेळा तिथे गेला असेल, मोजलेलं नाही. दात घासताना आपण ब्रश कुठे फिरवतो ते मोजतो का?

तर चेअर फ्लाइंग. विमानाचा तास महाग, खुर्ची फुकट, म्हणून शिकणारे सगळेच घरी खुर्चीत बसून हातवारे करत सराव करतात. मी स्टेशनजवळच्या फ्लेक्सवाल्याकडून सेस्नाच्या पॅनलचं खऱ्या मापाचं चित्र छापून आणलं. तो छापताना म्हणाला, "वाढदिवस आहे की कोणी उभं राहतंय?" ते चित्र टीव्हीच्या पुढे टांगलं, त्यामुळे बाबांच्या बातम्या बंद झाल्या. वॉरियरचा थ्रॉटल म्हणजे पुढेमागे होणारा दांडा असतो. सेस्नाचा थ्रॉटल पिचकारीसारखा: आत ढकलला की जोर, बाहेर ओढला की मंद. तो कसा करायचा याच्यावर बराच विचार झाला, आणि शेवटी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यात आईचं लाटणं बसवलं. त्याच्या उजवीकडे बाबांच्या पेटीतला लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर, तो मिक्स्चर, म्हणजे इंजिनात इंधन आणि हवा किती प्रमाणात मिसळायची ते ठरवणारा; इंधन जास्त असलं की 'रिच'. विमानातही मिक्स्चरची मूठ लालच असते.

आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची, तोंडी परीक्षा घेणं तिच्या अंगात आहे. चेकलिस्ट हातात घेऊन ती एकेक ओळ वाचायची आणि उत्तर आलं की पुढची. "सीट?" "लॉक." सेस्नात हे नुसतं म्हणून भागत नाही, सीट दोन्ही हातांनी हलवून बघायची. ती रुळावर असते. खिट्टी नीट बसली नसेल आणि टेक-ऑफला विमानाने नाक वर केलं की सीट मागे घसरते, धरायला समोर फक्त स्टिअरिंग, म्हणजे योक, आणि तोच ओढला जातो. अशाने माणसं गेली आहेत. हे मी सांगितल्यापासून आई 'सीट?' विचारल्यावर स्वतःच्या खुर्चीलाही एक हिसका द्यायची.

"मिक्श्चर?"

"रिच."

"हे फरसाण वाटतं मला दर वेळी," आई म्हणायची.

पण त्या मटारच्या संध्याकाळी तिने जे पकडलं ते माझ्या फ्लोरिडातल्या कोणी पकडलं नसतं. कारण तिथे हात बरोबरच जागी जात होता. आईला विमानातलं काही कळत नव्हतं, म्हणून ती फक्त एवढंच बघत होती की तोंड आणि हात एकच सांगतात की नाही. तीस वर्षं तिने पाढे म्हणता म्हणता बाकाखाली बोटं मोजणारी मुलं पकडली होती.

मग नवा नियम झाला. उत्तर आधी हाताने द्यायचं, नंतर तोंडाने. मार्चपर्यंत माझा हात शंभरदा विचारलं तरी शंभरदा खाली पायांशी जायला लागला. मला वाटलं, झालं.

विमानतळ देशावर, उसाच्या पट्ट्यात. एप्रिलचा पहिला आठवडा. पहाटे अजून गार असायचं, आठ वाजता धावपट्टीवरची हवा लकाकायला लागायची आणि दहानंतर घारी वर चढायच्या. घारी वर जाताना दिसल्या की समजायचं, आता विमानही हलणार. शिकवणारे सर पन्नाशी ओलांडलेले, साताऱ्याकडचे, कमी बोलणारे. माझं लॉगबुक त्यांनी चाळलं, "पायपर. बरं," एवढं म्हणाले आणि मला विमानाभोवती फिरायला पाठवलं.

विमानाभोवती फिरणं म्हणजे उडण्याआधीची तपासणी. वॉरियरमध्ये टाक्यांच्या तळाचं इंधन काढून बघायला दोन पंखांखाली एकेक नळी आणि इंजिनाशी एक. तीन ठिकाणी वाकलं की झालं. या सेस्नाला तेरा. प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. पारदर्शक कप लावायचा, थोडं इंधन घ्यायचं, उजेडाकडे धरायचं. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी त्यात मिसळत नाही, तळाशी जाऊन थेंब होऊन बसतं, पाऱ्यासारखं. तेराव्या नळीपर्यंत पोचेस्तोवर माझी पाठ भरून आली. आणि मग खालून सरळ उभी राहिले ती थेट फ्लॅपच्या धारेवर.

फ्लॅप म्हणजे पंखाची मागची झडप. तपासणीसाठी ती खाली सोडलेली असते आणि तिची कड नेमकी माझ्या कपाळाच्या उंचीला येते. दोनशे तास मी अशा विमानाभोवती फिरले होते ज्याचे पंख मांडीला लागतात. उभं राहताना वर बघायची सवयच नव्हती. सर पलीकडे उभे होते. "लागली टिकली," ते म्हणाले. "सगळ्यांना लागते. दुसऱ्यांदा लागत नाही." दुसऱ्यांदाही लागली, पण तेव्हा ते बघत नव्हते.

जमिनीवर चालवतानाच कळलं की हे जनावर वेगळं आहे. वॉरियरचं पुढचं चाक पायांच्या पेडलला थेट जोडलेलं, पाय दाबला की नाक वळलंच. सेस्नात मधे स्प्रिंग आहे. पाय दाबला तरी ते जरा विचार करून वळतं, आणि मी तोवर अजून जोराने दाबलेलं असतं. टॅक्सीवेच्या पिवळ्या रेघेवरून मी अशी चालले होते की कोणी बघितलं असतं तर लायसन्स नक्की कुठून आणलं असं विचारलं असतं.

आणि वर गेल्यावर आकाश कमी पडलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगूनही कळलं नसतं. पायपरमध्ये खालची जमीन पंखाआड जाते, पण वळताना डोक्यावर आणि पुढे सगळं मोकळं. सेस्नात खाली अख्खा तालुका दिसतो, विहिरी, ऊस, शाळेची कौलं, सगळं. पण ज्या बाजूला वळायचं तो पंख खाली येतो आणि नेमकं तिथलंच आकाश झाकतो. पहिल्या फेरीत धावपट्टीकडे शेवटचं वळण घेतलं आणि धावपट्टी गायब. मी मान पुढे काढून, वाकून, काचेला गाल लावून ती शोधत होते. सर म्हणाले, "आहे तिथंच. पळून जात नाही." वळण्याआधी तो पंख जरा उचलायचा, आड काही नाही ना ते बघायचं आणि मग वळायचं. फार साधी गोष्ट. दोनशे तासांत एकदाही करावी लागली नव्हती.

उतरण्याबद्दल मात्र मला बरीच घमेंड होती. फ्लोरिडात माझी लँडिंग चांगली समजली जायची. आता कळतं की त्यातली अर्धी वॉरियरची होती. पंख खाली असला की जमिनीजवळ पंख आणि धावपट्टी यांच्यामध्ये हवेची गादी तयार होते. ती विमानाला थोडा वेळ धरून ठेवते, आणि पायलटला चूक सुधारायला वेळ देते. शिवाय वॉरियरच्या पायांत तेलाचे शॉक-ॲब्सॉर्बर आहेत, जोरात टेकलं तरी ते गिळून टाकतात. सेस्नाचा पंख वर, गादी पातळ. आणि पाय म्हणजे पोलादाच्या लवचीक नळ्या, त्या काही गिळत नाहीत. जेवढं द्याल तेवढं परत करतात. मी वॉरियरच्या हिशोबाने गादीवर बसायला गेले, गादी नव्हती. टेकलं, उडालं, टेकलं, उडालं, टेकलं.

"तिन्ही लॉगबुकात लिहायची का?" सरांनी विचारलं.

हे सगळं सोसण्यासारखं होतं, कारण ते बाहेरचं होतं. विमान काहीतरी वेगळं करत होतं, मी ते शिकत होते. तिसऱ्या दिवशी जे झालं ते तसं नव्हतं.

अडीच हजार फुटांवर होतो. सरांनी काही न बोलता थ्रॉटल बाहेर ओढला. इंजिन बंद पडल्याचा सराव, कधी ना कधी होणारच होता. अशा वेळी पहिलं काम म्हणजे विमानाला त्याच्या सर्वात चांगल्या तरंगण्याच्या वेगावर आणायचं. या सेस्नाला तो 68 नॉट. मला तो झोपेत विचारला असता तरी 68 सांगितला असता. मी मोठ्याने म्हटलं, "सेव्हंटी-थ्री." तो वॉरियरचा. आणि डावा हात गेला. डाव्या गुडघ्याच्या पुढे, खाली, भिंतीकडे. चाचपडायला लागला.

"काय शोधतीयेस तिकडं?" सर म्हणाले. "दाराची कडी आहे ती. मधेच उतरणार आहेस का?"

मी हात काढला. मग खाली बघितलं, खटका बोथवर होता, जसा असायला हवा होता तसाच. म्हणजे त्या क्षणी टाकीचं काही करायचंच नव्हतं. थ्रॉटल परत आत गेला, सर म्हणाले, "चल, परत घेऊ." परत घेतलं, बरोबर आलं. तिसऱ्यांदाही बरोबर आलं. पण पहिल्यांदा आलं नव्हतं. आणि खरं इंजिन पहिल्यांदाच बंद पडतं, दुसऱ्या प्रयत्नाची सोय नसते.

डिसेंबरपासून मार्चपर्यंतचे ते मटार, ते लाटणं, तो शंभरात शंभरचा हात, हे सगळं कुठे गेलं होतं? खुर्चीत ते होतं, कारण खुर्चीत पोटात गोळा येत नाही. आवाज बदलला, नाक खाली गेलं, पोटात खड्डा पडला आणि हात आपल्या जुन्या घरी पळाला.

त्या दिवशी दुपारी आणखी एक अपमान वाट बघत होता, तोही सांगून टाकते. खाली उतरून इंधन भरलं, चहा घेतला, परत निघायचं तर इंजिन सुरू होईना. वॉरियरला कार्बोरेटर असतो आणि सुरू करायच्या आधी मी सवयीने त्याला थोडं इंधन पाजायची. या सेस्नाला फ्युएल इंजेक्शन आहे. तापलेलं इंजिन बंद करून उन्हात ठेवलं की वरच्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळून वाफ होतं, शिवाय आत थोडं शिल्लकही असतं, म्हणून गरम असताना ते वेगळ्या रीतीने सुरू करायचं. मी आपलं पाजलं. आणखी पाजलं. इंजिन पाण्यात बुडालेल्या माणसासारखं गुळगुळलं आणि गप्प झालं. हँगरमधून मेकॅनिक सावकाश चालत आला, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "मॅडम, पोट भरलंय त्याचं." मग मिक्स्चर पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, नुसतं फिरवायचं. जास्तीचं इंधन बाहेर पडलं आणि ते खोकत सुरू झालं, की लगेच मिक्स्चर आत, थ्रॉटल बाहेर, दोन हातांची अदलाबदल. ती मेकॅनिकने खिडकीतून हात घालून दाखवली. मधे मधे स्टार्टरला विश्रांती द्यावी लागते, त्या विश्रांतीत कोणीच काही बोलत नव्हतं. घारी मात्र मजेत होत्या.

रात्री खोलीवरून घरी फोन केला. आईला कपाळाच्या टेंगळाबद्दल सांगितलं, हाताबद्दल नाही. मग बाबांनी फोन घेतला आणि त्यांना सांगितलं.

बाबा एकतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. लेथवर. ते फार बोलत नाहीत, पण लेथचं निघालं की बोलतात. म्हणाले, त्यांच्या जुन्या लेथच्या स्क्रूमध्ये एवढी ढील होती की टूल मागे घेऊन परत पुढे आणताना डायलच्या आठ रेघा रिकाम्या जायच्या. हँडल फिरायचं, टूल जागचं हलायचं नाही. त्याला बॅकलॅश म्हणतात. त्यांच्या हाताला त्या आठ रेघा इतक्या पाठ होत्या की ते मोजायचेही नाहीत, हात आपोआप आठ सोडून नववीपासून धरायचा. मग कंपनीने नवीन मशीन आणलं. त्यात दोनच रेघा ढील.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पहिला जॉब घेतला. हाताने आठ सोडल्या. मशीनने दोनच सोडल्या. उरलेल्या सहा जॉबमधून गेल्या." थोडं थांबून म्हणाले, "पितळेचा होता. महाग."

"तुम्हाला माहीत नव्हतं, नवीन मशीनची ढील दोन आहे ते?"

"माहीत होतं की. मीच मोजली होती सकाळी."

मग त्यांनी काय केलं ते सांगितलं. आठ दिवस त्यांनी त्या मशीनवर मोठा जॉब घेतला नाही. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद ठेवून, डोळे मिटून नुसतं हँडल मागेपुढे करायचे. पोरं हसायची. रेघ बघायची नाही, ढील संपते तो धक्का तळव्याला कळला पाहिजे. "डोळ्याला पटकन कळतं गं," ते म्हणाले. "हाताला सांगायला त्याच्याच भाषेत सांगावं लागतं." आणि मग, बाबांच्या पद्धतीप्रमाणे, तिथे पाऊस आहे का, जेवलीस का, आणि ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सरांना मी विचारलं की दुपारी विमान उभं असेल तेव्हा आत बसू का. त्यांनी कशाला विचारलं नाही. ते स्वतःच येऊन शेजारी बसले आणि खिशातला रुमाल काढून दिला. डोळ्यांवर बांधायला. ही काही आमची शोधून काढलेली रीत नव्हे, डोळे झाकून हाताने सगळे खटके ओळखायला लावणं हा वैमानिकांच्या शिक्षणातला जुना प्रकार आहे. पण फ्लोरिडात माझ्याकडून तो एकदाच घेतला होता, पहिल्या आठवड्यात, तोही वॉरियरमध्ये.

हँगरच्या सावलीत विमान तापलेलं होतं. आत जुन्या सीटचा, पेट्रोलचा आणि कोणाच्या तरी घामाचा वास. सर एकेक नाव घ्यायचे, मी हात लावायचा. फ्लॅप. माझा उजवा हात खाली, सीटांच्या मधे गेला. वॉरियरमध्ये तिथे फ्लॅपचा दांडा असतो, गाडीच्या हँडब्रेकसारखा, खचाखच ओढायचा. इथे हाताला हवा लागली. सेस्नाचा फ्लॅप समोर पॅनलवर, मिक्स्चरच्या उजवीकडे, छोटी पट्टी. इंधन पंप. हा पायपरमध्ये टेक-ऑफला आणि उतरताना चालू ठेवायचाच, इथे त्या वेळी नको. हात चालू करायला गेलाच. "नको," सर म्हणाले. मिक्स्चर, बरोबर. टाकी. डावा हात अर्धा उचलला गेला.

सरांनी माझ्या डाव्या हातावर फळ्याच्या छडीसारखी पेन्सिल टेकवली. "याला योक धरू दे," ते म्हणाले. "याला दुसरं काम देऊ नकोस."

एवढंच होतं ते. डाव्या हाताने डाव्या खटक्याकडे जायचं नाही, असं मी त्याला चार महिने शिकवत होते. 'जाऊ नकोस' हे हाताला कळत नाही. 'धर' हे कळतं. खुर्चीत माझ्याकडे योकच नव्हतं. पुठ्ठ्याचं खोकं होतं, लाटणं होतं, स्क्रू-ड्रायव्हर होता, फ्लेक्स होता, पण डाव्या हातात धरायला काहीच नव्हतं. तो रिकामा होता, म्हणून भटकत होता. एवढ्या खटाटोपात ही एक गोष्ट राहून गेली होती, आणि राहून गेलेली गोष्ट आईला दिसण्यासारखी नव्हती.

त्या रुमालाखाली पाऊण तास बसले. संध्याकाळी पाच वाजता वर गेलो, सरांनी थ्रॉटल ओढला आणि मी योक डाव्या हाताने इतकं घट्ट धरलं की ते म्हणाले, "अगं, मोडशील." पण 68 आलं. उजवा हात खाली गेला, खटक्याला स्पर्श केला, बोथ. मिक्स्चर रिच. शेत निवडलं, नांगरलेलं, विजेच्या तारा नसलेलं. खरं तर होत्या. सरांनी दाखवल्या. पण ते सगळे करतात.

परीक्षा त्यानंतर नवव्या दिवशी झाली, तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परीक्षकांनी उंचीमापकाचा दाब विचारला तेव्हा मी फ्लोरिडाच्या सवयीने इंचांत सांगायला तोंड उघडलं होतं, ते हेक्टोपास्कलवर आणून बंद केलं. उतरताना एकदाच टेकलं. इंजिन बंदच्या सरावाला डाव्या हाताची करंगळी योकवरून सुटली होती, तेवढी. बाकीची चार जागेवर होती. त्यांना दिसली असेल नसेल. त्यांनी काही लिहिलं नाही, मी काही म्हटलं नाही.

ठाण्याला परतले त्या रात्री फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर गेलं आणि बाबांच्या बातम्या सुरू झाल्या. पुठ्ठ्याचं खोकं रद्दीत. स्क्रू-ड्रायव्हर पेटीत, त्याच्या ठरलेल्या खाचेत, बाबांनी स्वतः ठेवला. आईने चार महिने दुसरं लाटणं आणलं नव्हतं, सरावाला लागेल म्हणून पोळ्या आधी लाटून घ्यायची आणि मग ते मला द्यायची. आता ते कायमचं स्वयंपाकघरात गेलं.

परवा मी पोळ्या करायला घेतल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

"अगं," ती म्हणाली, "लाट ना. आत काय ढकलतेस?"